ग्लासगोचा नाटककार वैद्य

स्कॉटलंडच्या इतिहासात एक विसंगती अशी आहे की, ज्या मुलखाने युरोपास तत्त्वज्ञ दिले, अर्थशास्त्रज्ञ दिले, शल्यविद्येचे आणि यंत्रविद्येचे आचार्य दिले, आणि ज्याच्या लोकगीतांचे सूर साऱ्या जगाच्या कंठात जाऊन बसले, त्या मुलखास नाटकाची अखंड परंपरा म्हणून काही विसाव्या शतकापर्यंत निर्माण करता आली नाही. याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. सर डेव्हिड लिंडसे याने राजा, सरदार आणि धर्माधिकारी या तिघांचीही झडती घेणारे आपले भव्य नाटक 1552 मध्ये कूपर या गावी उघड्या मैदानावर करून दाखविले होते. परंतु त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी धर्मसुधारणेचा अंमल देशावर बसला आणि नव्या प्रेस्बिटेरियन धर्मपीठाची वक्र दृष्टी नाट्यगृहांकडे वळली. पुढे 1603 मध्ये सहावा जेम्स राजा इंग्लंडच्या गादीवर बसण्यासाठी आपल्या दरबारासह लंडनला निघून गेला, तेव्हा नाटकास जो राजाश्रय मिळण्याचा संभव होता तोही त्याच्याबरोबरच सरहद्दीपलीकडे गेला. ॲलन रॅमसे या कवीने 1736 मध्ये एडिंबरोच्या एका गल्लीत हौसेने नाट्यगृह उभारले, ते दुसऱ्याच वर्षी आलेल्या परवान्याच्या कायद्याने बंद पडले. आणि जॉन होम या धर्मोपदेशकाचे 'डग्लस' हे शोकनाट्य 1756 मध्ये रंगभूमीवर येऊन प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, तेव्हा धर्मपीठाचा रोष एवढा झाला की, होम यास पुढल्याच वर्षी आपल्या पदाचा राजीनामा द्यावा लागला.

अशा भूमीत जो नाटककार जन्मास येई त्याने लंडनची वाट धरावी, हा जणू नियमच होऊन बसला होता. किरिमूर या लहानशा गावी विणकराच्या घरी जन्मलेला जेम्स बॅरी हा त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. त्याची कीर्ती, त्याची संपत्ती आणि त्याचा प्रेक्षकवर्ग ही सारी लंडनची होती. ग्लासगो किंवा एडिंबरो येथे नाट्यगृहे नव्हती असे नाही. उलट ती मोठी, सुशोभित आणि बहुधा भरलेली असत. पण त्यांतून चाले तो फिरत्या लंडनकर मंडळ्यांचा व्यवहार, आणि शहराचा त्याच्याशी संबंध काय तो तिकीटविक्रीपुरता. या अवस्थेविरुद्ध पहिला नेटाचा प्रयत्न 1909 मध्ये आल्फ्रेड वेअरिंग याने ग्लासगो येथे केला. त्याने काढलेल्या नाट्यसंस्थेच्या जाहीरनाम्यात, हे नाट्यगृह नागरिकांच्या पैशाने चालणारे आणि नागरिकांच्या मालकीचे असावे, अशी आकांक्षा व्यक्त केली होती. त्याच वर्षी या संस्थेने चेकॉव्हचे 'द सीगल' रंगभूमीवर आणले आणि ब्रिटनमध्ये चेकॉव्हचा प्रयोग प्रथम करण्याचा मान लंडनऐवजी ग्लासगोने मिळविला. पाच वर्षांनी महायुद्ध सुरू झाले आणि संस्था लयास गेली. तो जाहीरनामा मात्र एका वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या पिढीने आपल्या मनात जपून ठेवला. त्या विद्यार्थ्याचे नाव ऑस्बर्न हेन्री मेव्हर. जगाने पुढे त्याला जेम्स ब्रायडी या नावाने ओळखले.

मेव्हरचा जन्म 3 जानेवारी 1888 रोजी ग्लासगो येथे झाला. वडील विजेच्या यंत्रांचे अभियंते आणि कारखानदार. कोळशाच्या खाणीत चालणारी विद्युत्‌यंत्रे बनविण्यात त्यांच्या कारखान्याचे नाव होते. घराणे सुशिक्षित आणि बहुश्रुत. चुलते जेम्स मेव्हर हे कॅनडात टोरोंटो विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांची कन्या डोरा हिने पुढे कॅनडाच्या नाट्यसृष्टीत एवढे कार्य केले की, टोरोंटोत आजही नाट्यपारितोषिके तिच्या नावाने दिली जातात. एकाच कुटुंबातील दोन चुलत भावंडांनी दोन निरनिराळ्या देशांत रंगभूमीचा पाया घालावा, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

ग्लासगो विद्यापीठात मेव्हर वैद्यक शिकण्यास गेला खरा. परंतु त्याचे चित्त व्याख्यानगृहापेक्षा विद्यार्थ्यांच्या सभागृहात, मासिकात आणि प्रहसनांत अधिक रमले. विद्यापीठाच्या मासिकासाठी त्याने लिहिले, व्यंगचित्रे काढली, आणि वॉल्टर एलियट, जो पुढे स्कॉटलंडचा मंत्री झाला, त्याच्यासारखे आजन्म स्नेही जोडले. पदवी पदरात पडली ती 1913 मध्ये, समवयस्कांच्या बऱ्याच मागून. पुढल्याच वर्षी युद्ध पेटले आणि हा नवा डॉक्टर लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाला. प्रथम फ्रान्सची रणभूमी, नंतर मेसोपोटेमिया, इराण आणि कॉकेशस अशी त्याची भ्रमंती झाली, व तिचा वृत्तांत त्याने 'सम टॉक ऑफ अलेक्झांडर' या 1926 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवला. मेसोपोटेमियाच्या त्याच मोहिमेत आपल्याकडील मराठा पलटणींनीही रक्त सांडले होते. 1916 मध्ये कूट येथे जी फौज वेढ्यात सापडून अखेर शरण गेली तीत सातारा, रत्नागिरीकडचे कितीतरी शिपाई होते, आणि या मोहिमेची रसद व माणसे यांचा मोठा भाग मुंबईच्या बंदरातून रवाना होत असे. एरवी दूरस्थ वाटणाऱ्या या स्कॉटिश लेखकाच्या चरित्राचे पान मराठी वाचकाच्या ओळखीच्या इतिहासास असे एके ठिकाणी येऊन भिडते.

युद्धाहून परतल्यावर मेव्हरने ग्लासगोत दवाखाना थाटला, व्हिक्टोरिया इन्फर्मरी या रुग्णालयात त्याची नेमणूक झाली, अँडरसन महाविद्यालयात तो वैद्यकाचा प्राध्यापक झाला, 1923 मध्ये त्याने विवाह केला. बाहेरून पाहणाऱ्यास हे एका प्रतिष्ठित नागरी वैद्याचे स्थिरावलेले आयुष्य होते. रात्री मात्र तो नाटके लिहीत असे. 'द सनलाइट सोनाटा' हे त्याचे पहिले नाटक 1928 मध्ये स्कॉटिश नॅशनल प्लेअर्स या मंडळीने ग्लासगोत केले तेव्हा त्यावर लेखिका म्हणून मेरी हेंडरसन असे नाव होते; कारण आपला डॉक्टर नाटके लिहितो हे रोग्यांस कळले तर त्यांचा विश्वास कितपत टिकेल, याची चिंता त्या काळच्या वैद्यास असणे साहजिक होते. या प्रयोगाचा दिग्दर्शक टायरोन गथ्री हा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. पुढे तो इंग्रजी भाषेच्या रंगभूमीवरील एक अग्रगण्य दिग्दर्शक झाला. लवकरच मेव्हरने आजोबांचे नाव आणि आजीचे माहेरचे आडनाव जोडून जेम्स ब्रायडी हे टोपणनाव घेतले, आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे हे दोन्ही गृहस्थ, डॉक्टर मेव्हर आणि नाटककार ब्रायडी, एकाच घरात, एकाच देहात आपापला पेशा इमानाने चालवीत राहिले.

ब्रायडीस खरी कीर्ती मिळवून दिली ती 'द ॲनाटमिस्ट' या 1930 मधील नाटकाने, आणि त्याचा विषय त्याच्या वैद्यकीय पेशाच्या काळजातलाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरो हे वैद्यक शिक्षणाचे युरोपातील एक प्रमुख पीठ होते. शेकडो विद्यार्थी तेथे शरीररचनाशास्त्र शिकण्यास येत. परंतु शवविच्छेदनासाठी कायद्याने जी प्रेते मिळत ती मूठभर, प्रायः फाशी गेलेल्या गुन्हेगारांची. गरज मोठी आणि पुरवठा तुटपुंजा, त्यामुळे रातोरात थडगी उकरून प्रेते विकणाऱ्यांचा एक चोरटा धंदाच फोफावला, आणि त्याच्या भीतीने लोक स्मशानात पहारे बसवू लागले, थडग्यांवर लोखंडी पिंजरे घालू लागले. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर या दोघांनी त्यापुढचे पाऊल टाकले. हेअरच्या भाड्याच्या खोल्यांत एक म्हातारा भाडेकरू आजाराने मेला, त्याचे प्रेत त्यांनी डॉक्टर रॉबर्ट नॉक्स याच्या शाळेत विकले आणि साडेसात पौंड मिळविले. थडगे उकरण्याचे श्रम करण्यापेक्षा जिवंत माणूसच संपविणे सोपे, हा हिशेब त्यांना तेथे सुचला. 1828 मध्ये ते पकडले जाईपर्यंत सोळा निराधार माणसे त्यांच्या हातून मेली आणि ती सर्व नॉक्सच्या टेबलावर गेली. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला 28 जानेवारी 1829 रोजी प्रचंड जनसमुदायासमोर फाशी देण्यात आले, आणि न्यायाधीशाच्या हुकुमाप्रमाणे त्याच्याच प्रेताचे विच्छेदन झाले. त्याचा सांगाडा एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रहात आजही आहे. नॉक्सवर मात्र खटला झाला नाही. लोकांनी त्याच्या घरावर दगड फेकले, त्याची प्रतिमा जाळली, आणि पुढे त्याला एडिंबरो सोडावे लागले. 1832 मध्ये पार्लमेंटने कायदा करून प्रेते मिळविण्याची कायदेशीर सोय केली तेव्हा हा सारा बाजार बंद झाला.

दुसऱ्या एखाद्या लेखकाने या कथानकातून रक्तरंजित भयनाट्य रचले असते. ब्रायडीने बर्क आणि हेअर यांना जवळजवळ बाजूस सारून एकडोळ्या, वक्तृत्वनिपुण, अहंकारी आणि ज्ञानपिपासू नॉक्स यास केंद्रस्थानी बसविले. कारण त्या दोन खुन्यांच्या अपराधाविषयी कोणाचा मतभेद असणार? प्रश्न आहे तो नॉक्सचा. ज्या हाताने तो प्रेत विकत घेतो त्याच हाताने तो एका पिढीस शस्त्रक्रिया शिकवितो. त्याला ठाऊक होते काय, की ठाऊक करून घेण्याचे त्याने नाकारले, आणि न विचारण्यात पाप किती? नाटकाच्या अखेरीस बाहेर जमाव खवळलेला असताना हा मनुष्य एका सभ्य घराच्या दिवाणखान्यातच आपल्या विद्यार्थ्यांपुढे गेंड्याच्या हृदयावर व्याख्यान देऊ लागतो आणि पडदा पडतो. तो दोषी की निर्दोष, याचा निकाल लेखक देत नाही. शवविच्छेदनाच्या मेजावर स्वतः शिकलेल्या आणि पुढे इतरांस वैद्यक शिकविणाऱ्या डॉक्टरने हे लिहिले आहे, म्हणूनच या नाटकात विज्ञानाचा द्वेषही नाही आणि त्याची भलामणही नाही. माझ्या मते ब्रायडीच्या साऱ्या नाट्यलेखनाचे बीज येथे सापडते. लंडनचे वेस्टमिन्स्टर नाट्यगृह 1931 मध्ये याच नाटकाने उघडले गेले.

त्यानंतर नाटकांचा ओघ सुरू झाला तो वीस वर्षे आटला नाही. 'टोबायस अँड द एंजल' मध्ये त्याने बायबलच्या परिशिष्टग्रंथांतील एक प्राचीन कथा घेतली आणि देवदूतास हमालाच्या वेषात एका भित्र्या तरुणाबरोबर प्रवासास पाठविले; हौशी नाट्यमंडळ्यांनी हे नाटक गावोगाव केले. 1933 च्या 'अ स्लीपिंग क्लर्जिमन' मध्ये एका बदफैली, क्षयग्रस्त वैद्यकविद्यार्थ्यापासून सुरू झालेले घराणे तीन पिढ्यांत व्यसन, अनौरस संतती आणि खून यांतून जात शेवटी साथीच्या रोगापासून माणसे वाचविणाऱ्या संशोधकापर्यंत कसे पोहोचते, हे त्याने दाखविले. ही कथा क्लबात बसलेले दोन डॉक्टर एकमेकांस सांगतात, आणि शेजारच्या खुर्चीत एक धर्मोपदेशक पहिल्यापासून शेवटपर्यंत झोपलेला असतो. लंडनमध्ये रॉबर्ट डोनाट याने त्यात काम केले आणि नाटक गाजले. अखेर 1938 मध्ये, पन्नाशीस पोहोचल्यावर, ब्रायडीने वैद्यकीचा पेशा सोडला आणि पुढल्या वर्षी 'वन वे ऑफ लिव्हिंग' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

समीक्षकांनी त्याच्यावर एक आक्षेप जन्मभर घेतला आणि त्याच्या मरणानंतरही तो मागे घेतला नाही. पहिला अंक उत्तम, दुसरा त्याहून सरस, आणि तिसऱ्या अंकात मात्र सारे विस्कटते, हे वाक्य या ना त्या रूपात त्याच्या बहुतेक नाटकांच्या परीक्षणात आढळते. आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. काही नाटके त्याने घाईने लिहिली आणि ती तशी दिसतात. परंतु ब्रायडीची स्वतःची भूमिका अशी होती की, प्रेक्षक नाट्यगृहातून बाहेर पडताना त्याच्या डोक्यात प्रश्नांचे काहूर माजलेले असावे. सर्व धागे जुळवून देणारा शेवट हा मनुष्याच्या अधिकारातला नव्हे. पंचवीस वर्षे रोग्यांच्या उशाशी बसलेल्या मनुष्याचा हा अनुभव आहे. वैद्याजवळ रोगी येतो तो मधल्या अंकात. आरंभ त्याच्या सांगण्यावरून तर्काने जाणावयाचा, आणि शेवट बहुधा वैद्याच्या दृष्टीआड घडावयाचा. ज्याने निदान चुकताना पाहिले आहे, मरू घातलेला जगताना आणि सुधारत असलेला एका रात्रीत जाताना पाहिला आहे, त्याच्या लेखणीतून सुबक समारोप उतरत नाहीत, यात कारागिरीच्या उणिवेपेक्षा सत्यनिष्ठेचा भाग मला अधिक दिसतो.

ज्या धर्मपीठाने त्याच्या देशातील नाटकाचा गळा दाबला होता, त्याच्याशीही ब्रायडीने आपल्या पद्धतीने हिशेब केला. 1943 च्या 'मिस्टर बोल्फ्री' मध्ये डोंगरी मुलखातील एका कडक धर्मोपदेशकाच्या घरी, युद्धकाळच्या कंटाळवाण्या रविवारी, काही तरुण मंडळी जुन्या पोथीतील मंत्र म्हणून सैतानास बोलावितात. आणि येतो तो शिंगे-शेपटीवाला राक्षस नव्हे, तर काळा झगा घातलेला, हाती छत्री असलेला, शास्त्रार्थात निष्णात असा दुसरा धर्मोपदेशकच. मग जो वाद रंगतो त्यात घरच्या धर्मगुरूची बाजू लेखकाने हलकी पडू दिलेली नाही. ज्या परंपरेवर हल्ला करावयाचा तिचे सामर्थ्य त्याला पुरते ठाऊक होते, कारण त्याच्या स्वतःच्या वाक्यांची घडण, तर्काची धार आणि प्रवचनाचा आवेश ही सारी त्या परंपरेचीच देणगी होती. या नाटकाचे दिग्दर्शन करणारा नट ॲलिस्टर सिम पुढे ब्रायडीच्या नाटकांचा जणू अधिकृत वकील झाला. 1947 च्या 'डॉक्टर एंजेलस' मध्ये, पत्नी आणि सासू यांना विष घालून 1865 मध्ये ग्लासगोत जाहीर फाशी गेलेल्या डॉक्टर प्रिचर्डच्या हकीकतीवर रचलेली प्रमुख भूमिका त्यानेच केली.

परंतु ब्रायडीचे सर्वांत टिकाऊ कार्य कागदावर नाही. 1943 मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, रात्री दिवे झाकून ठेवण्याचा हुकूम जारी असताना आणि तरुण नट फौजेत गेलेले असताना, त्याने ग्लासगोत एक स्थायी नाट्यसंस्था काढण्याचे ठरविले. त्याचे मुख्य साथीदार दोन: टॉम हनीमन, जो स्वतः पूर्वी डॉक्टर होता आणि आता शहराच्या कलासंग्रहालयांचा संचालक झाला होता, आणि जॉर्ज सिंगलटन, चित्रपटगृहांचा मालक. संस्थेस नाव दिले 'सिटिझन्स थिएटर'. चौतीस वर्षांपूर्वीच्या वेअरिंगच्या जाहीरनाम्यातून ते बुद्ध्याच उचलले होते. पहिला प्रयोग 11 ऑक्टोबर 1943 रोजी ॲथीनियम या लहानशा सभागृहात झाला. नाटक ब्रायडीचेच, 'होली आयल'. दोन वर्षांनी हॅरी मॅकेल्व्ही या जुन्या नाट्यगृहचालकाने क्लाइड नदीच्या दक्षिणेस, गोर्बल्स भागातील आपले रॉयल प्रिन्सेस थिएटर संस्थेस भाडेपट्ट्याने देऊ केले, आणि 1945 मध्ये मंडळी तेथे राहावयास गेली.

गोर्बल्स म्हणजे त्या काळच्या ग्लासगोतील अत्यंत दाटीचा, गरिबीने ग्रासलेला भाग. आयरिश आणि ज्यू निर्वासितांच्या पिढ्या तेथील कोंदट चाळींत वाढल्या. अशा वस्तीत गंभीर नाटकाचे बिऱ्हाड नेणे हे धाडस होते, आणि सभ्य वस्तीतील प्रेक्षक पूल ओलांडून येतील काय, ही शंका अनेकांनी घेतली. इमारत मात्र देखणी होती. 1878 मध्ये बांधलेल्या या नाट्यगृहाच्या दर्शनी भागावर शेक्सपिअर, बर्न्स आणि चार कलादेवता यांचे पुतळे होते. येथे नाताळच्या सुमारास होणारी 'पँटोमाइम' ही गाण्याबजावण्याची, थट्टामस्करीची परीकथा साऱ्या शहरात प्रसिद्ध होती, आणि तिच्या नावात इंग्रजी लिपीची तेरा अक्षरे असावीत असा या घराचा जुना संकेत होता. ब्रायडी आणि त्याचे सहकारी यांनी चेकॉव्ह, शॉ यांच्या नाटकांबरोबर हा संकेतही सांभाळला. 1949 मध्ये त्यांनी रचलेल्या 'द टिन्टॉक कप' या पँटोमाइमचे नाव इंग्रजीत मोजले तर अक्षरे बरोबर तेरा भरतात. उच्च अभिरुचीच्या नावाखाली लोकांच्या जुन्या आनंदास मज्जाव करावयाचा नाही, ही त्याची समज मला फार मोलाची वाटते.

सरकारकडून कलांसाठी द्रव्यसाहाय्य मिळू लागले तेव्हा त्या व्यवस्थेच्या स्कॉटलंड समितीचे अध्यक्षपद ब्रायडीकडे आले. 1948 मध्ये एडिंबरो महोत्सवात टायरोन गथ्री याने लिंडसेचे ते 1552 मधील नाटक जवळजवळ चारशे वर्षांनी पुन्हा उभे केले, आणि तेही धर्मपीठाच्या सभागृहात, त्या वेळी नाट्यकलेच्या कारभारात ब्रायडीचा शब्द वजनदार होता. 1950 मध्ये ग्लासगोत नाट्यविद्यालय निघाले तेही त्याच्या खटपटीने. मात्र याच काळातील एक गोष्ट त्याच्या खात्यावर उणी मांडावी लागते. ग्लासगोतच युनिटी थिएटर ही कामगारांच्या जीवनावर, त्यांच्याच बोलीत नाटके करणारी मंडळी होती. गोर्बल्सच्या चाळींचे चित्र तिने 1946 मध्ये 'द गोर्बल्स स्टोरी' या नाटकात दाखविले, आणि ईना लॅमाँट स्टुअर्ट या लेखिकेचे 'मेन शुड वीप' हे मंदीच्या काळातील गरीब संसाराचे नाटक 1947 मध्ये तिनेच केले. त्याच वर्षी सरकारी मदत या मंडळीस बंद झाली, आणि पुढे ती मोडली. एका संस्थेचा प्रमुख मदत वाटणाऱ्या समितीचाही प्रमुख असावा, हे कितीही सज्जन मनुष्याच्या बाबतीत घडले तरी न्याय्य दिसत नाही. आणि स्टुअर्टबाईंचे ते नाटक 1982 मध्ये पुन्हा रंगभूमीवर येईपर्यंत पस्तीस वर्षे जवळजवळ विस्मृतीत पडून राहिले, ही स्कॉटिश रंगभूमीची हानी झाली.

चित्रपटाशी ब्रायडीचा संबंध प्रथम आला तो त्याच्या नाटकांमुळे. 'स्टॉर्म इन अ टीकप' हे ब्रूनो फ्रँकच्या जर्मन नाटकावरून त्याने स्कॉटलंडच्या एका गावात आणून बसविलेले प्रहसन 1937 मध्ये पडद्यावर आले तेव्हा त्यात व्हिव्हियन ली आणि रेक्स हॅरिसन होते. पटकथाकार म्हणून त्याने जे काम केले ते आल्फ्रेड हिचकॉकसाठी. 'द पॅराडाइन केस' या 1947 मधील चित्रपटाच्या वेळी निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने त्याला अमेरिकेत बोलावून घेतले. हिचकॉक सांगत असे त्याप्रमाणे, न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याला घेण्यास कोणीच आले नाही, तेव्हा हा मानी स्कॉट पुढच्याच विमानाने परत लंडनला गेला आणि पटकथेचे काम त्याने तेथूनच टपालाने पाठविले. 1949 च्या 'अंडर कॅप्रिकॉर्न' ची पटकथा त्याची. 1831 मधील सिडनी शहरात, शिक्षा भोगून श्रीमंत झालेला एक कैदी आणि त्याची उच्चकुलीन, दारूच्या आहारी गेलेली पत्नी यांची ही कथा, आणि पत्नीच्या भूमिकेत इन्ग्रिड बर्गमन. 1950 च्या 'स्टेज फ्राइट' मध्येही संवादांस त्याचा हात लागला, आणि तेथे ॲलिस्टर सिम होताच.

'अंडर कॅप्रिकॉर्न' धंद्याच्या दृष्टीने कोसळला. पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो याच्याशी झालेल्या प्रसिद्ध संभाषणात हिचकॉकने तोच जुना आक्षेप नव्याने मांडला: ब्रायडीचे पहिले दोन अंक चांगले असत, शेवट त्याला साधत नसे, त्यामुळे त्याची निवड करण्यात आपली चूक झाली. दिग्दर्शकाच्या बाजूने पाहिले तर तक्रार रास्त आहे, कारण हिचकॉकचा चित्रपट म्हणजे शेवटच्या क्षणाकडे ताणून धरलेली रचना असते, आणि ज्या लेखकास प्रश्न उघडा ठेवण्यातच रस आहे त्याच्याशी तिचे जुळणे कठीण. तथापि त्या चित्रपटात बर्गमनच्या तोंडी असलेले दीर्घ कबुलीजबाबाचे भाषण जो लक्षपूर्वक ऐकेल, त्याला एक अपराध आणि त्याचे ओझे कोणी वाहावयाचे, हा 'द ॲनाटमिस्ट' मधलाच प्रश्न तेथे पुन्हा भेटेल.

आयुष्याची अखेरची वर्षे यश आणि दुःख यांनी सारखीच भरलेली होती. दुसऱ्या महायुद्धात त्याने पुन्हा लष्करी वैद्याचा गणवेश चढविला होता. त्याच युद्धाने त्याच्या दोन मुलांपैकी एकास नेले. दुसरा मुलगा रोनाल्ड हाही आधी डॉक्टर, मग नाट्यसमीक्षक आणि नाटककार झाला. 1946 मध्ये सरकारने ब्रायडीला किताब दिला. 1949 मध्ये लंडनला 'डॅफ्नी लॉरिओला' नाटकात एडिथ इव्हान्स हिने ब्रँडीच्या प्याल्यासमोर बसून भडाभडा बोलणाऱ्या सरदारपत्नीची जी भूमिका केली, ती त्या पिढीच्या आठवणीत राहिली. लंडनमध्ये असे यश हाती असतानाही त्याने आपले बिऱ्हाड तेथे हलविले नाही. बॅरीच्या पिढीने जी वाट अपरिहार्य मानली होती ती त्याने नाकारली, आणि सिटिझन्सच्या बैठका, जमाखर्च, नटांच्या नेमणुका यांत आपला वेळ खर्ची घातला. 29 जानेवारी 1951 रोजी एडिंबरो येथे तो वारला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

त्याच्या मागे राहिलेले शेवटचे महत्त्वाचे नाटक 'द बेकी शारिव्हारी' हे 1952 मध्ये गोर्बल्समधील त्याच नाट्यगृहात झाले. त्याचा नायक सर जेम्स पाउन्स-पेलट हा हिंदुस्थानात आयुष्यभर अंमलदारी करून, आपले राज्य तेथून उठल्यावर क्लाइडच्या काठी एका गावात परतलेला गृहस्थ आहे. जिल्ह्यांचा कारभार त्याने केला, खटले चालविले, हुकूम सोडले. पण नव्या जगात जगावे कसे हे त्याला उमगत नाही, म्हणून तो शिकावयास बसतो, आणि त्याला शिकविण्यास धर्म, राजकारण, कला, मनोविज्ञान अशा निरनिराळ्या पंथांचे सात उपदेशक येतात. त्यांच्यातील प्रत्येकाजवळ खात्रीचे उत्तर आहे. बाहुल्यांच्या खेळातील 'पंच' नावाच्या पात्राप्रमाणे तो काठी उगारून त्या साऱ्यांना मारून टाकतो, आणि सैतानासमोर एकटा उभा राहतो. सैतान निघून जातो. पाउन्स-पेलटच्या प्रश्नाचे उत्तर कोणीच दिलेले नसते. ते मिळेपर्यंत थट्टामस्करी करीत वाट पाहण्याचे तो ठरवितो, आणि नाटक तेथे थांबते.